कोड उडवला तरी दिवा परत लागतो: घरासाठी परवडणारा स्कॅनर निवडताना

गेल्या पावसाळ्यात आमच्या गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा पुन्हा पुन्हा लागत होता. २०१४ ची चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, पुण्यात घेतलेली, सोसायटीत गुलमोहराखाली उभी असते. सकाळी चालू केली की पहिलं अर्धं-पाऊण मिनिट मिसिंग करायची, स्टिअरिंगला थरथर जाणवायची, आणि मग काही झालंच नाही अशी सुरळीत चालायची. दोन-तीन सकाळी असं झालं की दिवा पेटायचा. गॅरेजला नेली की ते स्कॅनर (गाडीच्या संगणकात नोंदलेले दोष वाचणारं यंत्र) लावून कोड (दोषाची ती नोंद) उडवायचे आणि चारशे रुपये घ्यायचे. "मॅडम, क्लिअर केलंय, आता नाही येणार." आठ-दहा दिवसांनी दिवा परत हजर.

दुसऱ्या खेपेला चारही स्पार्क प्लग बदलले, तिसऱ्या खेपेला तीन नंबरची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग). चौथ्या खेपेला इंजेक्टर काढून साफ केले. सगळे मिळून सहा हजारांच्या वर गेले आणि पाचव्यांदा दिवा लागला तेव्हा मला रडू यायचं बाकी होतं.

मेस्त्री फसवत होते असं मला वाटत नाही. अडचण वेळेची होती. गाडी त्यांच्याकडे पोहोचेपर्यंत इंजिन तापलेलं असायचं, आणि तापलेल्या इंजिनात हा दोष दिसतच नव्हता. तो दिसायचा पहाटे, आमच्या पार्किंगमध्ये, आणि तिथे बघायला कोणी नसायचं. म्हणून स्कॅनर घरी हवा असं ठरवलं. तो निवडताना मी एकदा चुकले. ज्यांच्याकडे दिवा असाच परत परत लागतोय त्यांनी ती चूक करू नये म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी गाडी बघा, मग स्कॅनर

स्टिअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्यांजवळ, काही गाड्यांत फ्यूज बॉक्सच्या झाकणामागे, सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. तिथे स्कॅनर बसला म्हणजे तो गाडीशी बोलेलच असं मात्र नाही.

आपल्याकडे ओबीडीची (गाडीने स्वतःचे दोष ओळखून नोंदवायच्या व्यवस्थेची) सक्ती बीएस ४ या प्रदूषणाच्या मानकाबरोबर आली. पहिला टप्पा एप्रिल २०१० चा, आणि मिसफायर (म्हणजे मिसिंग, सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणं), कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) वगैरेंवर नजर ठेवणारा दुसरा टप्पा एप्रिल २०१३ चा. त्यातही २०१० मध्ये बीएस ४ लागू झालं ते दिल्ली परिसर आणि मोजक्या शहरांत. महाराष्ट्रातली मुंबई, पुणे आणि सोलापूर त्यांत होती. सगळ्या देशात ते सक्तीचं व्हायला एप्रिल २०१७ उजाडलं. त्यामुळे त्या काळातल्या एकाच वर्षाच्या दोन गाड्यांमध्येही फरक सापडतो. माझ्या दिरांची गाडी २०११ साली रत्नागिरीत घेतलेली, बीएस ३. माझा स्कॅनर तिला लावला की स्क्रीन उजळते, पण ईसीएमकडून, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडून, उत्तर येत नाही. अशा गाडीला त्या कंपनीच्या गाड्यांसाठी बनवलेला स्कॅनर लागतो. घरासाठी तो खर्च करण्यात अर्थ नाही, गॅरेजला दाखवलेलं बरं. तुमची गाडी कुठल्या मानकाची आहे हे आरसीवर किंवा वाहन पोर्टलवरच्या नोंदीत सापडतं. पैसे देण्याआधी तेवढं बघा.

दुसरं काम टॉर्चचं. सॉकेटची रुंद बाजू वर धरली तर वरच्या ओळीत डावीकडून १ ते ८ आणि खालच्या ओळीत ९ ते १६ असे पिन मोजायचे. १६ नंबरला बॅटरीचा करंट येतो, ४ आणि ५ अर्थिंगचे. आता ६ आणि १४ मध्ये पितळी पट्टी दिसते का बघा. दिसली तर गाडी स्कॅनरशी बहुधा कॅन या नव्या पद्धतीने बोलते. तिथे रिकामं आहे आणि ७ नंबरला पट्टी आहे, तर गाडी के-लाइन या जुन्या पद्धतीने बोलते. नव्या गाड्यांत कॅन असतंच. २०१० ते २०१५ च्या आसपासच्या छोट्या गाड्यांत मात्र हे तपासायलाच हवं. आमच्या गाडीत ६ आणि १४ रिकामे होते आणि ७ ला पट्टी होती. मी हे खरेदीनंतर पाहिलं, आणि माझी चूक इथेच झाली.

साडेचारशे रुपयांचा डबा

पहिल्यांदा घेतला तो काडेपेटीएवढा निळा ब्लूटूथ डबा. सॉकेटला लावायचा, फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप घ्यायचं, पिन मागितला तर १२३४ किंवा ०००० टाकायचा. फोनशी तो लगेच जुळला. गाडीशी काही केल्या जुळेना. ॲप एकेक प्रोटोकॉल (गाडीशी बोलायची पद्धत) चाळायचं आणि शेवटी ईसीएम सापडत नाही म्हणायचं. के-लाइनचं सर्किट त्या डब्यात एक तर नव्हतंच किंवा चालत नव्हतं. जाहिरातीत मात्र "सर्व गाड्यांसाठी" असं ठळक लिहिलेलं.

या डब्यांवर "ईएलएम३२७" लिहिलेलं असतं. ही मुळात एल्म इलेक्ट्रॉनिक्स या कॅनडातल्या कंपनीची चिप, आणि ती कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. बाजारातले बहुतेक स्वस्त डबे तिची नक्कल करणारे आहेत. त्यांच्यावरच्या "व्ही १.५", "व्ही २.१" या आकड्यांवर विसंबू नका. १.५ ही आवृत्ती मूळ कंपनीने कधी काढलीच नव्हती, आणि २.१ चं स्टिकर लावलेल्या कित्येक नकलांमध्ये १.५ वाल्या नकलांपेक्षाही कमी आज्ञा चालतात. आकडा मोठा म्हणून माल नवा, हा हिशेब इथे लागू पडत नाही.

तरी डबा हा प्रकार वाईट नाही. कॅनवाली गाडी असेल, अँड्रॉइड फोन असेल आणि हजार-दीड हजारात नावाजलेल्या कंपनीचा मिळत असेल तर जरूर घ्या. व्हीगेट, ओबीडीलिंक अशा कंपन्या आपल्या डब्यात कोणते प्रोटोकॉल चालतात ते स्पष्ट लिहितात. ओबीडीलिंक महाग पडतो. आयफोनवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. साधा जुना ब्लूटूथ डबा आयफोनशी जुळत नाही, त्याला ब्लूटूथ एलई किंवा वायफायवालाच लागतो. वायफायचा डबा जोडल्यावर फोन इंटरनेट शोधत त्याला सोडून देत असेल, तर तेवढा वेळ मोबाइल डेटा बंद ठेवा.

मी डबा परत केला आणि स्वतःची स्क्रीन, स्वतःची वायर असलेला हातातला स्कॅनर घेतला, अठ्ठावीसशे रुपयांचा. लाँच, ऑटेल यांची सुरुवातीची मॉडेलं याच प्रकारातली. फोन नको, ॲप नको, जोडाजोडी नको. लावला, किल्ली ऑन केली की वाचायला लागतो. घरात एकापेक्षा जास्त माणसं तो वापरणार असतील तर हाच प्रकार सोयीचा. माझे सासरे सत्तरीचे आहेत, आता तेही वापरतात.

या तीन गोष्टी असल्याच पाहिजेत

खोक्यावर काय काय लिहिलेलं असतं. इतक्या हजार कोडची यादी, रंगीत स्क्रीन, बॅटरी टेस्ट, दहा भाषा. परत परत येणाऱ्या दोषासाठी यातलं काहीही कामाचं नाही. कोडचा अर्थ फोनवर मिनिटभरात सापडतो. कामाच्या गोष्टी तीन, आणि त्यांतली पहिली सगळ्यांत मोठी.

ती म्हणजे फ्रीझ फ्रेम. कोड नोंदवला जातो त्या क्षणी ईसीएम आजूबाजूची परिस्थिती टिपून ठेवतो: इंजिनचे फेरे किती, कूलंटचं तापमान किती, गाडीचा वेग, इंजिनवरचा लोड, इंधनाची दुरुस्ती किती चालली होती. कोड सांगतो काय बिघडलं. ते कधी बिघडलं हे फ्रीझ फ्रेम सांगते. जो दोष गॅरेजमध्ये दिसत नाही, त्याच्यासाठी हा "कधी"च सगळं काही असतो. आणि कोड उडवला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते! माझ्या चार खेपांचा पुरावा असाच पुसला गेला होता. म्हणून स्कॅनर हातात आला की पहिली सवय लावा: क्लिअरचं बटण दाबण्याआधी स्क्रीनचे फोटो.

दुसरी गोष्ट पेंडिंग कोड. मिसफायरसारखा दोष एकदा दिसला म्हणून लगेच दिवा लागतोच असं नाही. ईसीएम त्याची कच्ची नोंद ठेवतो, पुढे एक-दोनदा गाडी चालवताना दोष पुन्हा दिसला की मग दिवा पेटवतो. पेंडिंग वाचता आला तर दिवा लागायच्या आधीच कळतं, आणि दुरुस्ती जमली की नाही हेही दहा दिवस वाट न बघता कळतं.

तिसरी लाइव्ह डेटा, म्हणजे त्या क्षणी चालू असलेले आकडे. निदान कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, आरपीएम (इंजिनचे फेरे), ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट आणि शॉर्ट व लाँग फ्यूएल ट्रिम एवढं दिसायला हवं. ट्रिम म्हणजे ईसीएम ठरलेल्या इंधनात टक्क्यांनी किती वाढ-घट करतोय ते. शून्याच्या आसपास असेल तर उत्तम, सतत अधिक दहा-पंधराच्या वर राहिली तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय किंवा मोजणीबाहेरची हवा आत येतेय.

सगळ्यांत स्वस्त हातातल्या रीडरमध्ये फक्त "कोड वाचा, कोड पुसा" एवढंच असतं. हजार रुपये वाचवायला तो घेऊ नका. कोड पुसायचं काम गॅरेज करतच होतं.

एबीएस, एअरबॅग, एएमटीचं क्लच शिकवणं, नवी किल्ली जुळवणं, डिझेल इंजेक्टरचं कोडिंग ही कामं या किमतीत होत नाहीत. ती करणारे स्कॅनर दहा हजारांच्या पुढे जातात, वर वर्षाचं सबस्क्रिप्शन. वर्षातून एखाद्या वेळी लागणाऱ्या कामासाठी गॅरेजचे पाचशे-हजार देणं परवडतं. चार-पाच घरांनी मिळून घ्यायचा असेल तर गोष्ट वेगळी.

परत करायची मुदत आहे तोवर तपासा

स्कॅनर आला की पहिली चाचणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या थंड गाडीवर करा. किल्ली ऑन, इंजिन बंद. लाइव्ह डेटात कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी आणि बाहेरच्या हवेशी जुळणारी हवीत. जुळली तर स्कॅनर बरोबर वाचतोय आणि तुमचे दोन सेन्सरही जागेवर आहेत. मग इंजिन चालू करून बघा कूलंटचा आकडा सावकाश चढतोय का, रेस दिल्यावर आरपीएम लगेच बदलतोय का. आकडा तीन-चार सेकंद मागे राहत असेल तर त्या स्कॅनरवर ट्रिम वाचणं कठीण जाईल. के-लाइनच्या गाड्यांत वेग मुळातच कमी असतो, तिथे एका वेळी तीन-चारच आकडे निवडा.

स्कॅनरची स्क्रीन मुळीच उजळली नाही तर त्याला नावं ठेवण्याआधी गाडीचे फ्यूज बघा. पुष्कळ गाड्यांत १६ नंबरच्या पिनचा करंट मोबाइल चार्जिंगच्या सॉकेटच्या किंवा आतल्या दिव्याच्या फ्यूजवरून येतो. कधीतरी चार्जर घुसवताना तो फ्यूज गेलेला असतो आणि कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं. स्क्रीन उजळते पण गाडी सापडत नाही, तर किल्ली खरंच ऑन आहे का ते पाहा आणि प्रोटोकॉल हाताने निवडून बघा.

डबा असो वा हातातला, काम झालं की काढून ठेवा. आठवडाभर लावून ठेवलेला स्वस्त डबा जुनी बॅटरी उतरवू शकतो. आणि चालत्या गाडीत आकडे बघायचे असतील तर ते शेजारी बसलेल्याने बघायचे, चालवणाऱ्याने नाही.

आमच्या गाडीत काय सापडलं

स्कॅनर घरात आला तेव्हा पाचव्यांदा लागलेला दिवा अजून पेटलेलाच होता. कोड पी०३०३. मिसफायरच्या कोडमध्ये शेवटचा आकडा सिलिंडरचा: ०३०१ म्हणजे एक नंबर, ०३०३ म्हणजे तीन. ०३०० आला तर कुठल्या एका सिलिंडरवर बोट ठेवता येत नाही.

फ्रीझ फ्रेममध्ये कूलंट २५ अंश, आरपीएम बाराशेच्या आसपास, वेग शून्य. फोटो काढला, कोड उडवला. नऊ दिवसांनी पुन्हा पी०३०३, कूलंट २४, वेग शून्य. त्यानंतरच्या आठवड्यात पेंडिंगमध्येच सापडला. दोष कायम थंड इंजिनवर, उभ्या गाडीत, चालू केल्याकेल्या. चारही वेळा गॅरेजने गरम इंजिन उघडलं होतं. ज्या सकाळी मिसिंग झालं त्या तारखा मी कॅलेंडरवर लिहीत होते. सासरे त्या बघून म्हणाले, "अगं, या सगळ्या रात्री पाऊस झालाय."

मग अदलाबदलीची चाचणी केली. पैसे न लागणारी इतकी चांगली दुसरी चाचणी मला माहीत नाही. किल्ली बंद, इंजिन गार. तीन नंबरची कॉईल दोनवर आणि दोनची तीनवर. दोष कॉईलमध्ये असेल तर कोड तिच्याबरोबर सरकून पी०३०२ व्हायला हवा. पुढच्या पावसाळी सकाळी कोड आला तो पी०३०३च. कॉईल निर्दोष, प्लग दोन महिन्यांचे. म्हणजे बिघाड त्या जागेतच होता.

पुढच्या वेळी रात्रभर पाऊस झाल्यावर सकाळी गाडी चालू न करताच बोनेट उघडलं आणि तीन नंबरची कॉईल उपसली. रबरी बुटाच्या टोकाला थेंब लोंबत होता. टॉर्च मारला तर प्लगच्या विहिरीत (प्लग ज्या खोल भोकात बसतो तिथे) तळाशी चमचाभर पाणी, दोन महिन्यांच्या प्लगच्या षटकोनाला गंजाचं कडं, आणि बुटाच्या आतली स्प्रिंग हिरवट पडलेली. इंजिन तापलं की हे पाणी वाफ होऊन उडून जायचं. दुपारी उघडणाऱ्याला कोरडी विहीरच दिसणार. ते गंजाचं कडं तेवढं कोणाला तरी दिसायला हवं होतं, एवढंच वाटतं.

पाणी येत कुठून होतं? बोनेट उघडं ठेवून सासऱ्यांनी वरून काचेवर तांब्याने पाणी ओतलं आणि मी टॉर्च घेऊन आत बघत राहिले. वायपरच्या खालच्या काळ्या जाळीत पाणी गेलं, बाजूच्या नळीने खाली जायच्या ऐवजी तिथेच साठलं, आणि सैल झालेल्या रबरी पट्टीवरून थेंब थेंब बरोबर तीन नंबरच्या कॉईलवर पडायला लागलं. जाळी काढली. निचऱ्याचं भोक गुलमोहराच्या बारीक पानांनी आणि पाकळ्यांनी गच्च भरलेलं, दाबून दाबून चिखलाचा गोळा झालेला. तो काढला तेव्हा मूठभर निघाला.

विहिरीतलं पाणी कापडाच्या वातीने टिपून घेतलं, उरलेलं सायकलच्या पंपाने फुंकून काढलं. तेव्हा तोंड बाजूला ठेवा, गंजाचे कण डोळ्यात उडतात. कॉईलचं फुगलेलं रबरी बूट आणि आतली स्प्रिंग बदलली, पट्टी नीट दाबून बसवली. दोन्ही मिळून तीनशेच्या आत काम झालं.

तुमच्या गाडीत दोष वेगळा असेल तर

सीएनजी किट बसवलेल्या गाडीत पी०१७१ (इंधन कमी पडतंय) किंवा पी०१७२ (इंधन जास्त होतंय) परत परत येत असेल तर सेन्सर बदलण्याआधी चार-पाच दिवस फक्त पेट्रोलवर चालवा आणि ट्रिम लिहून ठेवा. पेट्रोलवर आकडे शून्याकडे येत असतील तर गाडीपेक्षा किटचं ट्यूनिंग तपासून घेण्याची गरज आहे.

पी०४२० (कन्व्हर्टर नीट काम करत नाही असं सांगणारा कोड) आला की लगेच कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायला सांगतात, आणि तो भाग फार महाग असतो. आधी मिसफायरचे जुने कोड, ट्रिम आणि सायलेन्सरच्या जोडावरची गळती बघा. कन्व्हर्टर खराब झाला असला तरी ज्या कारणाने तो झाला ते आधी मिटवायला हवं, नाहीतर नवाही तसाच जाईल.

बीएस ६ डिझेलमध्ये डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या गाळणीचा) दिवा सारखा लागत असेल तर तीन हजारांचा स्कॅनर त्यावर उपाय करू शकत नाही. सक्तीचं रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) करणारा स्कॅनर लागतो, त्यासाठी सर्व्हिस सेंटर गाठा. आणि दिवा नुसता न लागता लुकलुकत असेल तर गाडी तशीच दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो कायमचा जातो. बाजूला घ्या, बंद करा, मग कोड वाचा.

गॅरेजला जातानाही कोड, फ्रीझ फ्रेमचे फोटो आणि तारखा बरोबर न्या. मी ते फोटो त्याच मेस्त्रींना नेऊन दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मॅडम, हे आधी दिसलं असतं तर कॉईल बदललीच नसती." आता तेही गिऱ्हाइकाला आधी विचारतात, गाडी झाडाखाली उभी असते का.

या वर्षी मे अखेरीला जाळी काढून भोक साफ केलं. जून-जुलै सरला. दर रविवारी सकाळी थंड इंजिनवर पेंडिंग वाचते, अजून एकही कोड आलेला नाही.